फुकट आहे, पण आपल्या हातात आहे का?

कर्जत-खालापूरच्या आमच्या वस्त्यांतली पोरं आयटीआय करून कारखान्यात लागतात. बोर्डावर सोल्डरिंग ती करतात, बोर्ड आखणारा दुसराच असतो. डोकं एकाचं, हात दुसऱ्याचे! ही विभागणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो.

सॉफ्टवेअर महाग, ही सबब आता चालत नाही. किकॅड फुकट आहे, त्याचा सोर्स कोडही खुला आहे. नवी रेघ ओढताना आड येणाऱ्या रेघा अंतराचे नियम सांभाळून बाजूला सरकवणारा राउटर एकेकाळी महागड्या सॉफ्टवेअरची मिरासदारी होती. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने सार्वजनिक पैशातून तो किकॅडसाठी तयार केला. २०१५ च्या चौथ्या आवृत्तीपासून तो सर्वांना मिळतो.

पण खुलं असणं म्हणजे हाती येणं नव्हे. आपल्याच रायगडात महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तरी पाण्याला हात लावायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारोंना घेऊन चालत जावं लागलं.

म्हणून विहाराच्या अभ्यासिकेत एक संगणक आणि आठवड्याला एक वर्ग आपण सुरू करू. आयटीआयमध्येही किकॅड शिकवा, ही मागणी लेखी देऊ. शिका, याचा आजचा अर्थ आखायलाही शिका.

जय भीम!