नाताळचें मेज

नाताळच्या मेजावर कापसाचा बर्फ पसरण्याची हौस गोंदियांतील घरांतही शिरली आहे. येथें बर्फ कोणाच्या दारीं पडतो? डिसेंबरांत आपल्या दारीं येतें तें धान. मग मेजावर लोंब्या कां नसाव्यात?

झगमगीत सामान परवडत नाहीं म्हणून कांहीं मुलें पाहुण्यांपुढें ओशाळतात, हें आम्ही पाहतों. त्याचें आम्हांस फार वाईट वाटतें. ज्यांच्या आईनें भर पावसांत वाकून रोवणी केली, त्यांनीं तिच्या हातची लोंबी मेजावर मांडण्यांत कमीपणा कसला? पालकांनींच ती प्रथम मांडावी. (मेज नसल्यास चटई चालेल, आम्ही स्वतः चटईवरच वाढलों.)

मूठभर लोंब्या देठांसह मडक्यांत उभ्या कराव्या, भोंवतीं झेंडू मांडावा. पळसाचीं पानें ताजीं असतांनाच बांबूच्या काडीनें टांचून पत्रावळी कराव्या. वाळलेलीं पानें टांचतांना फाटतात. मेणबत्ती लोंब्यांपासून दूर असावी. वाळलेलें काड पेटण्यास वेळ लागत नाहीं.

गुंजा मात्र मेजावर नकोतच. त्या लाल-काळ्या बिया दिसावयास सुंदर, पण विषारी आहेत; चावून खाल्ल्यास लहान मुलाच्या जिवावर बेततें. कण्हेरही तशीच विषारी. शिवाय पानाफुलांसाठीं रानांत शिरूं नये. नवेगांव-नागझिरा हा २०१३ सालापासून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथील पानही तोडूं नये. शेताच्या बांधावरचा पळस आपणांस पुरेसा आहे.

जेवणें उरकल्यावर लोंब्या पडवींत टांगाव्या. त्या चिमण्यांच्या वाट्याच्या.