किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटर

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मगच होड्या पाण्यात लोटायच्या, ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत. त्याआधी दर्या खवळलेला असे, मासळीने गाभोळी धरलेली असे, आणि कोणा खात्याचे परिपत्रक नसतानाही माणसे थांबत. आता परिपत्रक निघते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, आणि १ ऑगस्टला, पौर्णिमा झालेली असो वा नसो, मालीम, खारीवाडा आणि कुटबणच्या धक्क्यांवरून ट्रॉलर सुटतात. दोन महिन्यांत जे पिल्लू वाढीला लागले ते पहिल्या आठवड्यातच किती उपसले जाते, हे पाहायला धक्क्यावर कोणी उभे नसते.

आमचे बहुतेक वाचक फोंडा, डिचोली, म्हापसा, पणजी भागातले. समुद्राशी आपला संबंध ताटापुरता. बांगडा महागला की ओसरीवर चर्चा होते आणि हुमण झाले की ती संपते. २०१८ च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिनचा बोभाटा झाला, परराज्यातून येणाऱ्या मासळीवर सरकारला काही दिवस बंदी घालावी लागली, तेव्हा कुठे अनेकांच्या ध्यानात आले की समुद्राकाठच्या राज्यात आपण खातो ती मासळी बरीचशी ट्रकांतून येते. मग आपली मासळी जाते कुठे, आणि ती धरणारा आपला माणूस गेला कुठे? हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. आम्हीही तो विचारला नाही, हे कबूल करतो.

रांपण (मालवणात तिला रापण म्हणतात) ज्यांनी पाहिली नसेल अशा तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडत न्यायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर ठेवायचे आणि पन्नास-साठ माणसांनी दोन्ही बाजूंनी ते ओढायचे. किनाऱ्याजवळ थवा आला तरच जाळे पडणार. थवा नसेल तर दिवस फुकट. मिळेल त्याचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा. एका रांपणीवर वाडाच्या वाडा जगत असे. या पद्धतीत समुद्राला आपोआप विसावा मिळे, कारण खोल पाण्यात जाऊन माशाचा पाठलाग करण्याची ताकदच तिच्यात नाही.

ट्रॉलरची गोष्ट उलटी. तो तळ खरवडत जातो. कोळंबीला परदेशात भाव आला तशी साठच्या दशकापासून सरकारने यांत्रिक नौकांना कर्जे आणि अनुदाने दिली, आणि त्यांतल्या पुष्कळशा ज्यांनी कधी जाळे हातात धरले नव्हते अशा पैसेवाल्यांच्या नावावर गेल्या. कोळंबी उथळ पाण्यात, म्हणून ट्रॉलरही उथळ पाण्यात, रांपणकारांच्या जाळ्यांवरूनच. सत्तरच्या दशकात त्यातून मोठा संघर्ष पेटला. शिक्षकी पेशातले माथानी साल्ढाणा त्याचे पुढारी झाले. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रात मारामाऱ्याही झाल्या. (साल्ढाणा पुढे राजकारणात आले आणि २०१२ मध्ये मंत्रिपदावर असतानाच निवर्तले.) त्या लढ्याचे फळ म्हणजे १९८० चा गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवला तो याच कायद्याखाली. देशात असे कायदे पहिल्याने करणाऱ्यांत केरळच्या जोडीला गोवा होता, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

अभिमान कागदापुरता आहे, एवढेच. सायंकाळी समुद्राकाठी फिरायला जाणाऱ्या कोणालाही विचारा, ट्रॉलरचे दिवे किती जवळ दिसतात. ट्रॉलरच्या जोडीला पर्ससीन आले, आणि त्यांच्यावर एलईडीचे झोत आले. जनरेटर लावून पाण्यावर लख्ख उजेड पाडायचा, दूरदूरची मासळी त्या उजेडाला गोळा झाली की जाळ्याचा फास आवळायचा. एका रात्रीत जे निघते ते रांपणीला महिनोन्‌महिने मिळत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी आणि बुल ट्रॉलिंग या दोन्हींवर बंदी घातली. बंदी आहे आणि झोतही आहेत.

न्यायालयाने हात बांधले आहेत अशी सबबही चालणार नाही. केरळने पर्ससीन, रिंगसीन यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये उचलून धरली आणि पारंपरिक मच्छीमाराची उपजीविका राखणे हे सार्वजनिक हिताचे आहे हे मान्य केले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनला लगाम घातला आणि २०२१ मध्ये १९८१ चा आपला कायदा सुधारून दंड लाखांच्या घरात नेला. कायदा मोडतो त्याला तो परवडू नये, हे तेथे निदान कागदावर तरी आले.

येथे एक कडू गोष्ट सांगावीच लागेल. मालवण-वेंगुर्ल्याच्या समुद्रात जे परप्रांतीय ट्रॉलर घुसतात, ज्यांच्यामागे तेथील रापणकार होड्या घेऊन धावतात, त्यांत कर्नाटकाच्या नौकांबरोबर गोव्याच्याही नौका असतात. तेरेखोलच्या अलीकडे केरी, पलीकडे शिरोडा. गाबीत समाजाची सोयरीक दोन्ही काठांवर. जावयाच्या राज्यातला ट्रॉलर सासऱ्याचे जाळे फाडतो आहे, आणि दोन्हीकडच्या सभांतून आपण मराठी माणसाच्या एकीवर बोलतो.

रांपणकारांचे सारेच बरोबर असेही नाही. रांपणीच्या जाळ्याचा आस बारीक असला तर पिल्लूही किनाऱ्यावर येते. काही पारंपरिक मंडळी स्वतःच छोट्या पर्ससीनकडे वळली आहेत. दोर ओढायला वाड्यावरची मुले मिळत नाहीत, परप्रांतीय मजूर लावावे लागतात. किनाऱ्यावर जाळे ओढायला जागाही उरलेली नाही, कारण पावसाळ्यानंतर रांपणीचा हंगाम आणि शॅकवाल्यांचा हंगाम एकच, आणि वाळूवर पहिला हक्क कोणाचा हे खाटा मांडणाऱ्याने ठरवून टाकले आहे. तेव्हा केवळ गळा काढून भागणार नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासळी धरणे आणि विकणे गुन्हा. तसा नियम येथे कडकपणे लागू झाला तर तो रांपणीलाही जाचेल, आणि जाचला पाहिजे. बाजारात बोटाएवढा इसवण घेणारी गृहिणी आपल्याच घरातली असते.

ट्रॉलर कुठे आहे हे समजत नाही, ही खात्याची ठरलेली तक्रार. तीही आता शिळी झाली. इस्रोने तयार केलेले ट्रान्सपाँडर देशभरातल्या एक लाख नौकांवर बसवण्याच्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. योजना वादळात सापडलेल्या खलाशाच्या सुरक्षेसाठी आहे. पण जे यंत्र वादळात नौका कुठे आहे ते सांगते, ते ती ५ किलोमीटरच्या आत आली हेही सांगू शकते. इच्छा असली तर.

आपल्या मंडळात ट्रॉलरमालक असलेली घरे आहेत हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांना हा लेख रुचणार नाही. त्यांचे म्हणणे पुढच्या अंकात सविस्तर छापू. पण पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार आपल्या अंगणात मराठीतून मते मागायला येईल, त्याला प्रत्येक सभासदाने एवढे विचारावे अशी विनंती आहे: ५ किलोमीटरच्या आत सापडलेल्या नौकेचे डिझेल अनुदान तुम्ही बंद करणार का? एलईडीवाल्याचा परवाना कायमचा रद्द करणार का? रांपणीच्या हंगामात ठरावीक किनारे शॅकमुक्त ठेवणार का? आणि तुमच्या स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर किती ट्रॉलर आहेत?

उत्तरे लिहून कार्यालयात पोहोचवावीत. उमेदवाराच्या नावासह ती याच पानावर येतील, आणि ज्याने उत्तर दिले नाही त्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवू.