शीलावांचून समाधि

बुद्धाच्या नांवानें डोळे मिटून बसण्याची आवड आपल्या सुशिक्षित घरांतून सध्यां वाढत चालली आहे. सत्यनारायण गोएंका यांनीं १९६९ सालीं ब्रह्मदेशांतून विपश्यनेची पद्धति भारतांत आणली आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर तिचीं शिबिरें भरूं लागलीं. अमेरिकेंत १९७९ सालीं जॉन कबात-झिन यांनीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत मनावरील ताण हलका करण्यासाठीं आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आंखला. तेव्हांपासून ध्यान हें इस्पितळांतून कचेरींत आणि कचेरींतून मोबाईलवर येऊन बसलें आहे. याचा आम्हांस विषाद नाहीं. दुखणाइताला झोंप येत असेल, तर ती कोणत्याहि उपायानें येवो. पण झोंपेच्या औषधाला बुद्धाचा मार्ग म्हणूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

"ध्यान ही मनाची तालीम, तिच्या गळ्यांत नीतीचें लोढणें कशाला?" असें आम्हांस विचारण्यांत येतें. ज्यांना हा प्रश्न सुचतो त्यांनीं बुद्धचरित्र एकवार उघडून पाहावें. गृहत्यागानंतर बोधिसत्त्व प्रथम आळार कालाम व मागाहून उद्दक रामपुत्त यांजकडे गेले. दोघांपाशीं समाधीच्या ज्या वरच्या पायऱ्या होत्या त्या त्यांनीं हस्तगत केल्या. एकानें त्यांना बरोबरीचें स्थान देऊं केलें, दुसऱ्यानें आचार्यपद. तरीहि दुःखाचा अंत एवढ्यानें होत नाहीं असें जाणून ते उठून गेले. चित्त एकाग्र करण्याची विद्या बुद्धापूर्वींच या देशांत होती, आणि ती एकटी अपुरी आहे हें बुद्धानें ओळखलें. आज आम्ही बुद्धाच्या नांवावर नेमकें तेंच घेत आहों, जें त्यानें अपुरें म्हणून मागें टाकलें.

त्याच्या अष्टांगिक मार्गांत सम्यक् समाधि आठवी येते. तिच्याआधीं सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त आणि सम्यक् आजीव हीं अंगें आहेत. आजीव म्हणजे पोटापाण्याचा धंदा. शस्त्रें, जीव, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकानें करूं नये, असें अंगुत्तर निकायांत स्पष्ट सांगितलें आहे. बुद्धघोषाचार्यांच्या ज्या 'विशुद्धिमग्गा'चें संपादन गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनीं केलें, त्याचे परिच्छेद तेवीस. त्यांतला पहिलाच शीलाचा आहे. धम्मगिरीवरहि पंचशील घेतल्यावांचून साधनेस आरंभ होत नाहीं. आमचे कित्येक साधक मात्र परततांना तेवढेंच तेथें ठेवून येतात. दहा दिवस मौन पाळलेला गृहस्थ अकराव्या दिवशीं घरच्या मोलकरणीचा एका खाड्याचा पगार कापतो, आणि तें करतांना आपलें चित्त किती शांत होतें याचें कौतुक सांगतो!

ध्यानानें मनुष्य आपोआप सुधारतो, ही समजूतहि इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जपानांतील झेन पंथाच्या अनेक आचार्यांनीं आपली साधना युद्धाच्या कामीं जुंपली. मरणमारणाचें भय न वाटणारा एकाग्र सैनिक हें त्या साधनेचें फळ म्हणून मिरविण्यांत आलें. सोतो पंथानें १९९२ सालीं आपल्या त्या वर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. एकाग्रता ही धारेसारखी आहे. ती भाजी चिरते आणि गळाहि चिरते. हात कोणाचा, हें शील ठरवितें.

महाराष्ट्राला तर या प्रश्नाची टाळाटाळ मुळींच शोभत नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बाबासाहेब आंबेडकरांनीं लक्षावधि लोकांना त्रिशरण व पंचशील दिलें, आणि त्यांसह बावीस प्रतिज्ञाहि दिल्या. सर्व माणसें समान आहेत असें मानीन आणि समता स्थापन करण्याचा यत्न करीन, या त्यांतल्याच होत. या बुद्धाकडे आमच्या पांढरपेशा घरांनीं बहुतकरून पाठ फिरविली, आणि दुसऱ्या दारानें आलेला, कांहींच न मागणारा बुद्ध दिवाणखान्यांत मूर्तिरूपानें बसविला. वस्तुतः बुद्ध एकच आहे. शाक्यकुमारांच्या आधीं त्यांच्या उपालि न्हाव्याला प्रव्रज्या देऊन, त्या कुमारांना त्याच्यापुढें वांकावयास लावणारा तो हाच.

ध्यान करूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. तें करावें, रोज करावें. पण आसनावरून उठल्यावर आपला धंदा, आपली वाणी आणि आपल्या घरीं राबणाऱ्या माणसाशीं आपला व्यवहार यांकडेहि त्याच सावध दृष्टीनें पाहावें. तेथें कांहींच बदलत नसेल, तर आपण आळार कालामाच्याच आश्रमांत बसलों आहों असें समजावें. बुद्ध तेथून केव्हांच निघून गेला आहे.