डोकेदुखीची वाट पाहू नका

कबुतरांच्या विष्ठेत आणि मातीत राहणारी ‘क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स’ ही यीस्ट जातीची बुरशी श्वासावाटे फुप्फुसात जाते. धडधाकट माणसाला सहसा त्याचा पत्ताही लागत नाही. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात मात्र ती थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते आणि मेंदूज्वर होतो. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार या मेंदूज्वराने वर्षाला सुमारे १ लाख १२ हजार माणसे दगावतात; एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. तरीही अनेक ठिकाणी हा आजार ओळखला जातो तो डोकेदुखी असह्य झाल्यावर, पाठीतले पाणी काढून तपासल्यावर. तोवर फार उशीर झालेला असतो. हा उशीर टाळता येतो, आणि तो का टाळायलाच हवा हे ही बुरशी शरीरात कशी वावरते ते पाहिले की कळते.

जंतू गिळून पचवणे हे मॅक्रोफेज या रक्षक पेशींचे काम. क्रिप्टोकोकसला त्या गिळतात, पण ती पचत नाही. तिच्या अंगावर शर्करेचे जाड आवरण असते, मेलॅनिन हे रंगद्रव्य तिला पेशीच्या रासायनिक माऱ्यापासून वाचवते आणि पेशीतल्या आम्लात मरण्याऐवजी ती वाढू लागते. २००६ साली दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे याहून विलक्षण गोष्ट नोंदवली. बुरशी मॅक्रोफेजमधून जिवंत बाहेर पडते आणि पेशीही शाबूत राहते. मारून टाकलेली बुरशी अशी बाहेर येत नाही, म्हणजे यात जिवंत बुरशीचा हात असला पाहिजे. पुढे एका मॅक्रोफेजमधून शेजारच्या मॅक्रोफेजमध्ये तिने केलेला प्रवेशही सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. मातीतल्या अमीबांच्या तावडीतूनही ती अशीच सुटते. माणसाशी गाठ पडण्याआधीच ही विद्या तिच्या अंगी असावी. पेशी फुटली की दाह होतो आणि प्रतिकारयंत्रणा जागी होते. इथे पेशी फुटतच नाही, त्यामुळे तिच्या या ये-जा करण्याचा गाजावाजा होत नाही.

यावर आक्षेप असा की हे सारे काचेच्या बशीत आणि उंदरांत दिसले आहे. माणसात ती मॅक्रोफेजमध्ये बसूनच मेंदूत शिरते, असे ठामपणे म्हणता येत नाही. आक्षेप रास्त आहे, ती एकटीही तिथे पोहोचू शकते. पण माझा मुद्दा त्या एका वाटेवर उभा नाही. वाट कोणतीही असो, लक्षणे दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी तिच्या आवरणाचे अंश, म्हणजे अँटिजेन, रुग्णाच्या रक्तात सापडतात. बोटातल्या थेंबभर रक्तावर पट्टीची चाचणी केली तर दहा मिनिटांत उत्तर मिळते. टांझानिया आणि झांबियातल्या चाचणी-प्रयोगात ही तपासणी आणि घरोघरचा पाठपुरावा एकत्र केल्यावर मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. श्रेय दोन्हींचे आहे, एकट्या पट्टीचे नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. भारतात २०१७ पासून एचआयव्हीचे निदान होताच औषधे सुरू होतात, मग ही जादा तपासणी कशाला, असे विचारले जाते. पण उशिरा येणारे आणि औषधे मध्येच सोडून परतणारे रुग्ण आजही आहेत, आणि ही बुरशी नेमकी त्यांनाच गाठते. तपासणीही सरसकट करायची नाही: रक्तातल्या सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारपेशी, १०० च्या खाली असतील तर जागतिक आरोग्य संघटना ती करायला सांगते, २०० पर्यंत करता येईल म्हणते. अँटिजेन सापडले, पण लक्षणे नाहीत आणि मेंदूत संसर्ग नाही, अशा रुग्णाला फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या देता येतात. मेंदूज्वर झाल्यावर मात्र लागते ते २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्राने वणवण करून शोधलेले लायपोसोमल अँफोटेरिसिन. दोन्हींच्या किमतीत किती अंतर आहे, हे त्या काळात इंजेक्शनासाठी धावलेल्या कुटुंबांना सांगावे लागणार नाही. आपल्या घरात किंवा ओळखीत कुणी एचआयव्हीच्या औषधांसाठी एआरटी केंद्रात जात असेल आणि सीडी४ चा आकडा २०० च्या खाली आला असेल, तर क्रिप्टोकोकल अँटिजेनची तपासणी झाली का, हे डोके दुखायच्या आधी डॉक्टरांना विचारा.