दुसरी गोळी

रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा नांगरून गेला की सकाळी तलाठ्याच्या आधी बंदुकीचा विषय बांधावर येतो. धाराशिव जिल्ह्यात भूम-वाशीच्या माळापासून परंड्याच्या उसापर्यंत कुठेही जा, जुन्या साड्यांचे कुंपण, सोलरवरचे झटका मशीन, पत्र्याचे डबे, रात्रीची राखण हे सगळे करून थकलेली माणसे भेटतील. त्यातलाच एखादा तरुण मोबाइलवर अमेरिकेतल्या दुकानाचा व्हिडिओ दाखवतो. बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत अर्धस्वयंचलित रायफल. चाप ओढा, गोळी सुटेल. पुन्हा ओढा, दुसरी तयार. "आपल्याला का नाही?" हा त्याचा प्रश्न. उत्तर द्यायचे तर आधी ती रायफल स्वस्त कशी होते ते पाहायला हवे.

अशा रायफलीत पैसे मोजायचे ते दुसऱ्या गोळीसाठी. रिकामे काडतूस बाहेर फेकणे, नवे आत ढकलणे, घोडा पुन्हा चढवणे ही कामे माणसाच्या हाताऐवजी बंदूक स्वतः करते. पॉइंट टू-टूचे काडतूस मुळात अशक्त. त्याचा दाब सांभाळायला नुसते बोल्टाचे वजन आणि एक स्प्रिंग पुरते, कुलूपबंदीची यंत्रणा लागत नाही. म्हणून ती रायफल स्वस्तात बसते. १९६४ साली रुगर कंपनीने काढलेली टेन-ट्वेंटी टू या जातीतली सर्वांत नावाजलेली. तिचा सांगाडा पोलाद कोरून काढलेला नाही, साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमचा आहे. पुढे चापाभोवतीचा भागही प्लास्टिकचा झाला. नळी मात्र पोलादाचीच राहिली. काटकसर कुठे खपते हे कारखानदाराला नेमके कळले होते, आणि त्या रायफली लाखोंनी खपल्या.

पण ही गोळी पोसलेल्या रानडुकराला पुरत नाही. जखमी होऊन उसात घुसलेले डुक्कर धडधाकट डुकरापेक्षा वाईट. सकाळी त्या सरीत पाणी धरायला जाणाऱ्याला विचारा. ताकदवान काडतूस घ्यावे, तर बोल्टाला कुलूप हवे, वायूवर चालणारा दट्ट्या हवा, वजन वाढते आणि किंमतही. तिथे कारखानदार काटकसर करू लागला की पहिला बळी बहुधा मॅगझिनचा जातो. पत्रा पातळ, स्प्रिंग ढिली. काडतूस वर येते ते मॅगझिनच्या दोन वळवलेल्या ओठांमधून. ते ओठ केसभर फाकले की काडतूस तिरके चढते आणि बंदूक अडते. दुकानाच्या काउंटरवर नळी चकाकते, दस्ता छान दिसतो. ओठ कोण तपासतो?

आपल्या कायद्याने शेतकऱ्यापुरता हा प्रश्न वेगळ्याच टोकाने सोडवला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ पिकाच्या राखणीसाठी नाव घेते ते ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. अर्धस्वयंचलित रायफल, नेमबाजीतले अपवाद सोडले तर, साध्या नागरिकाच्या वाट्याला येत नाही. रायफल हवीच असेल, तर तीनशे पंधरा बोअरची, बोल्टाची. तिची कूळकथाही तडजोडीचीच. लष्कराचे थ्री नॉट थ्री काडतूस रयतेच्या हाती पडू नये, या इंग्रजांच्या धास्तीतून हिंदुस्थानसाठी हे निराळे माप आले, आणि आपल्या आयुध कारखान्यांनी ते पुढे चालवले. दर गोळीला बोल्ट मागे ओढायचा, पुढे सारायचा, मग नेम.

बांधावरच्या त्या तरुणाला हा संथपणा अपमान वाटतो. मला तो या बंदुकांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. राखण होते रात्री. बॅटरीच्या झोतात दिसतात दोन डोळे, आणि ते डुकराचेच असतात असे नाही. शेजारच्या रानात दुसरा कोणी राखणीला बसलेला असतो, हंगामात ऊसतोड टोळीच्या कोप्या फडाला लागून पडलेल्या असतात. छर्रे काही शे मीटरांत दम टाकतात; पॉइंट टू-टूची ती 'अशक्त' गोळी मात्र मैल-दीड मैल जाऊ शकते. पहिली गोळी चुकल्यावर घाबरलेला माणूस चाप ओढतच राहतो. बोल्टाला हात घालायला लागणारे दोन-तीन क्षण त्याला निदान पुढे पाहायला लावतात. शिवाय बंदुकीचा परवाना हा डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे; त्याला वनखात्याची वेगळी मंजुरी लागते, हे या चर्चेत कोणी सांगत नाही.

संथ बंदूक म्हणजे निरुपद्रवी बंदूक, असा याचा अर्थ नाही. हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. रझाकारांपैकी बहुतेकांच्या हाती ठासणीच्या बंदुका आणि तलवारीच होत्या, आणि निःशस्त्र गावाला वेठीला धरायला त्या पुरल्या. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौजा नळदुर्गात शिरल्या आणि बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला, तेव्हा तेच शस्त्र कवडीमोल ठरले. समोर कोण उभा आहे त्यावर बंदुकीची लायकी ठरते.

म्हणूनच पोलिसाच्या बाबतीत माझे मत उलट आहे. त्याला दुसरी गोळी हवी, आणि ती खात्रीने सुटणारी हवी. १९६२ मध्ये आपले जवान थ्री नॉट थ्रीचा बोल्ट ओढत होते आणि समोर चिन्यांकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या. त्यानंतर ईशापूरच्या आयुध कारखान्यात एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल बनू लागली: वीस गोळ्यांचे मॅगझिन, चार किलोंवर वजन, सात-बासष्टचे दणकट काडतूस. कोषागाराच्या दाराशी पहाऱ्यावरच्या शिपायाच्या खांद्यावर ती आजही दिसते. जड आहे, जुनी आहे, पण तिच्यात पोलाद जागच्या जागी आहे. तिच्या जागी आलेली इन्सास रायफल पुण्यातल्या एआरडीई या लष्करी संशोधन संस्थेची. हलके काडतूस, आणि आतल्या गोळ्या दिसाव्यात म्हणून अर्धपारदर्शक प्लास्टिकचे मॅगझिन. कागदावर कल्पना उत्तम. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तीच मॅगझिने तडकली. ज्या वस्तूची किंमत रायफलीच्या मानाने किरकोळ, तिने सगळी रायफल निकामी केली. आणि २००८ च्या नोव्हेंबरातल्या अतिरेकी हल्ल्यात मुंबईच्या सीएसटी स्थानकावर आपल्या पोलिसांच्या हाती काय होते, ते महाराष्ट्राला पुन्हा सांगायला नको.

उलटी गंगा अशी की जिथे दुसरी गोळी नको, तिथेच तिची हौस वाढते आहे. शेजारच्या बीडमध्ये २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर शस्त्रपरवान्यांची चाळणी सुरू झाली आणि कितीतरी परवाने रद्द करावे लागले. ते काही डुकरांनी त्रासलेल्या शेतकऱ्यांचे नव्हते. मस्साजोग ज्या केज तालुक्यात, तो आपल्या कळंबला लागून. ज्या पवनचक्क्यांच्या वादातून ते प्रकरण पेटले, तशा आपल्याकडेही उभ्या आहेत, जमिनीचे आणि ठेक्यांचे वादही आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयाने परवान्याचा अर्ज हातात घेताना अर्जदाराच्या सातबाऱ्यावर हरभरा आहे की नुसताच ठेका, एवढे पाहिले तरी बरेच अर्ज तिथेच थांबतील. शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा चार दिवसांत झाला आणि भरपाई त्याच हंगामात खात्यावर पडली, तर बांधावरचे ते व्हिडिओही कमी होतील. पोलिसांसाठी नव्या रायफली घेताना गृहखात्याने दर रायफलीमागे किती जादा मॅगझिने आणि शिपायामागे वर्षाला सरावाची किती काडतुसे, हे आकडे किमतीच्या शेजारीच मागावेत.