पायातली दोरी: बांधावी कशी, सोडावी कशी

इचलकरंजीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. दिवाळीच्या सुटीत चौघांनी गोव्याला जायचे ठरले आहे. थोरला मुलगा तेरा वर्षांचा, चांगला पोहणारा. त्याला लाटेवर फळी चालवायला, म्हणजे सर्फिंग शिकायचंय. यजमानांना आणि धाकटीला खाडीत वल्ह्याच्या फळीवरून फिरायचंय. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘मोबाईलवर पाहिलं तर त्या पोरांच्या पायाला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक फळीला! ताई, पाण्यात जाणाऱ्याच्या पायात कुणी लोढणं बांधतं का हो?’

प्रश्न अगदी आईचा आहे, आणि त्यातली भीती निम्मी बरोबर आहे. कुठली निम्मी, ते नीट समजून घेऊ या.

या दोरीला लीश म्हणतात. ती लोढणं नाही, कारण लोढणं खाली ओढतं आणि फळी तरंगते. समुद्रात दमलेल्या माणसाला धरायला त्याच्या स्वतःच्या फळीइतकी चांगली वस्तू दुसरी नाही. दोरी नसेल तर पडल्याबरोबर लाट फळी घेऊन जाते, किंवा वारा नेतो. वल्ह्याची फळी तर रिकामी झाली की वाऱ्यावर इतकी भरभर सरकते, की चांगला पोहणारासुद्धा तिला गाठू शकत नाही. शिवाय सुटलेली फळी किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या डोक्यात बसायची, तो धोका वेगळाच. म्हणजे समुद्रावर लीश हवीच.

ही दोरी तशी फार जुनी नाही. कॅलिफोर्नियात १९७०च्या सुमारास ती वापरात येऊ लागली. पाण्यात घालायचे उबदार रबरी पोशाख करणारे जॅक ओनील यांचा मुलगा पॅट हा ती वापरणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. तेव्हा शस्त्रक्रियेत वापरायची रबरी नळीच दोरी म्हणून घेत. ती रबरासारखी ताणली जायची आणि तितक्याच जोराने फळीला परत ओढून आणायची. १९७१ साली अशाच उसळून आलेल्या फळीने खुद्द जॅक ओनील यांचा डावा डोळा गेला. आताच्या दोऱ्या युरेथेन नावाच्या चिवट प्लॅस्टिकच्या असतात, त्या बेताने ताणतात. तरी फळी उसळते ती उसळतेच. म्हणून मुलाला पहिला धडा हा द्या, की पडलास तर पाण्याखाली दोन्ही हात डोक्याभोवती घ्यायचे आणि वर येताना एक हात कपाळापुढे धरूनच यायचं. घाईने तोंड वर काढायचं नाही.

आता बांधणी पाहू. शिकवणारे फळी तयारच देतात, पण भाड्याची वस्तू म्हणून न पाहता घेऊ नका. भाजी घेताना आपण देठ मोडून बघतो, इथे तर लेकराचा प्रश्न आहे.

फळीच्या शेपटाकडे, वरच्या बाजूला, एक वाटीसारखा खळगा असतो आणि त्यात आडवी दांडी. त्या दांडीत बारीक पण मजबूत दोरीचा फास अडकवलेला असतो. प्रवासी बॅगेच्या मुठीला नावाच्या चिठ्ठीचा बंद आपण जसा अडकवतो, अगदी तसाच. दोरी दुहेरी करायची, दुमडलेलं टोक दांडीखालून काढायचं, मोकळी टोकं त्यातून ओवून ओढायची आणि टोकांना घट्ट गाठ मारायची. दांडीखालची जागा चिंचोळी असते, तिथे बोट जात नाही. केसांचा आकडा किंवा परकराची नाडी ओवायची पिन घ्या, क्षणात होतं.

या दोरीच्या लांबीत मात्र मेख आहे. फास ओढून धरला तर तो फळीच्या कडेपर्यंत पोचता कामा नये. बारीक दोरी कडेवर आली, की लाटेच्या हिसक्याने ती फळीला चिरते. खरवसाची वडी दोऱ्याने कापावी तशी! म्हणून लीशच्या त्या टोकाला रुंद कापडी पट्टी दिलेली असते, ती कडेवर यायला हवी. पट्टीचे वेलक्रोचे दोन-तीन पदर असतात. ते सगळे उघडायचे, आतला पदर फासातून ओवून दुमडून चिकटवायचा, त्यावर पुढचा, त्यावर शेवटचा. एक जरी पदर तिरपा बसला, तरी सगळा भार उरलेल्यांवर येतो. बांधून झालं की फळी पायाने दाबून धरून दोरी दोन्ही हातांनी दणकून ओढून पाहा.

बारीक दोरीच्या जागी कुणी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी गाठी मारून लावली असेल, तर ती फळी नको म्हणून सांगा. ‘काही होत नाही हो वहिनी’ हे वाक्य ऐकायला मिळेल. पुरुषमंडळींकडून तर दोनदा. ऐकायचं आणि दुसरी फळी मागायची.

दोरीवरून बोटं फिरवून पाहा. नख अडकेल अशी चीर असेल, किंवा एखाद्या ठिकाणी ती पांढुरकी, बारीक झालेली असेल, तर तिथेच ती तुटणार. दोन्ही टोकांना गोल फिरणाऱ्या कड्या असतात, जनावराच्या साखळीला असते तशा. त्या मोकळ्या फिरल्या पाहिजेत. गंजल्या असतील तर दोरीला पीळ पडतो आणि तो पायाभोवती येतो. लांबी साधारण फळीइतकी किंवा थोडी जास्त. सहा फुटी फळीला सहा फुटी दोरी, शिकाऊ मुलांच्या आठ फुटी मऊ फळीला आठ फुटी. फार आखूड असेल तर फळी अंगावर येते, आणि फार लांब असेल तर पायात घोटाळते.

पट्टा बांधायचा तो मागच्या पायाला. मागचा पाय कोणता, हे मुलाला विचारून कळत नाही. तो सरळ उभा असताना पाठीमागून हळूच ढकला. तोल सावरायला जो पाय पुढे टाकील तो पुढचा, उरलेला मागचा. घोट्याच्या वर, उघड्या कोरड्या कातडीवर, पट्टा असा गुंडाळा की दोरी पायाच्या बाहेरच्या अंगाने मागे निघेल. दोन पायांच्या मधून निघाली तर मुलगा स्वतःच अडखळेल. पट्टा फिरता कामा नये, पण पाऊल बधिर होईल इतका आवळूही नये. वेलक्रोत वाळू अडकली की ते धरत नाही. मुलांच्या शाळेच्या बुटांचं होतं, तेच. जुना टूथब्रश बरोबर ठेवा. आणि पट्टा पाण्याच्या काठाशी गेल्यावरच बांधायचा. हॉटेलपासून दोरी फरफटत चालणारे बरेच जण पाण्याआधी वाळूतच पडतात.

आपणही फळीवर जाणार असू तर थोडं आपल्यापुरतं. पैंजण, जोडवी खोलीत काढून ठेवा. पट्ट्याखाली पैंजण राहिलं तर हिसक्याने कातडी फाटते. मंगळसूत्र, बांगड्या, ओढणी काहीच नको. सैल सलवारीवर पट्टा बांधला तर कापडासकट घसरतो, म्हणून घट्ट विजार बरी. पाण्यात कुणी कुणाचे दागिने पाहत नाही.

आता सोडण्याकडे येते, कारण बांधायला सगळे शिकवतात आणि सोडायला फारसं कुणी शिकवत नाही. पट्ट्याच्या टोकाला बोटात धरता येईल अशी जीभ असते. ती बाहेरच्या बाजूला, हाताला चटकन लागेल अशी ठेवायची. सोडताना दोरी ओढायची नाही, जीभ धरून पट्टा सोलायचा, केळ्याचं साल काढावं तसा. दोरी खडकाला किंवा कसल्या दोराला अडकलीच, तर पाय झटकून उपयोग नाही. ताणाने पट्टा जास्तच आवळतो. गुडघा पोटाशी घ्यायचा, हात नडगीवरून खाली सरकवायचा, जीभ सापडली की सोलायचं. लाट पुढे गेली की ताण क्षणभर सैल होतो, तेव्हा सोपं जातं. याची तालीम घरी पलंगावर करून घ्या. मुलाला डोळे मिटून पालथं झोपायला सांगा, पट्टा म्हणून वेलक्रोचा कुठलाही बंद बांधा आणि तीन आकडे मोजेपर्यंत सोडायला लावा. दहा वेळा केलं की हाताला सवय होते. मुलांना हा खेळच वाटतो.

किनाऱ्यावर परत येताना मात्र लाटांतच पट्टा सोडायचा नाही. फळी हातात धरून पाण्याबाहेर यायचं आणि मग सोडायचं. हाताच्या बोटांभोवती दोरी गुंडाळून फळी ओढत आणायची नाही. एका हिसक्यात बोट जायबंदी होतं.

इथवर समुद्राचं झालं. आता पत्रातल्या भीतीचा बरोबर निघालेला निम्मा भाग. यजमान आणि धाकटी जाणार आहेत ते खाडीत, आणि तिथे हिशेब उलटा होतो.

३० ऑक्टोबर २०२१ला वेल्समधल्या हॅव्हरफर्डवेस्ट गावी नऊ जण वल्ह्याच्या फळ्यांवरून नदीत उतरले. पावसाने नदी फुगलेली होती. वाटेत बंधारा होता, तिथे पाण्याने त्यांना खाली खेचलं आणि चार जण दगावले. ब्रिटिश सरकारच्या सागरी अपघात तपासणी विभागाचा अहवाल २०२२च्या डिसेंबरात निघाला. चुका बऱ्याच होत्या. बंधाऱ्याची नीट पूर्वकल्पना दिलेली नव्हती आणि अशा पाण्यात उतरायलाच नको होतं. पण त्यातली एक चूक आपल्या विषयाची आहे. दोऱ्या वापरल्या त्या पायाच्या होत्या. वाहत्या पाण्यात लागतो तो झटक्यात सुटणारा कमरपट्टा नव्हता.

असं का, ते सांगते. समुद्राची लाट येते आणि जाते, ताण मधूनमधून सुटतो. नदीचं पाणी एकाच दिशेने सतत ढकलत राहतं. दोरी झाडाच्या फांदीला, खुंटाला किंवा होडीच्या नांगराच्या दोराला अडकली, की फळी एकीकडे, माणूस दुसरीकडे आणि पाणी वरून. अशा वेळी वाकून घोट्यापर्यंत हात नेणं धडधाकट माणसालाही जमत नाही. कमरेपर्यंत हात मात्र जातो. आपल्या खाड्यांत मासेमारीचे रोवलेले खुंट असतात, जाळी असतात, नांगरलेल्या होड्या असतात. ओहोटी लागली की खाडी म्हणजे समुद्राकडे धावणारी नदीच. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी हे सहज दिसतं. आणि कोल्हापूरकडच्या भगिनींना कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नवा नाही. त्याच्या वरच्या अंगाला संथ दिसणारं पाणी खालच्या अंगाला कसं घोंघावतं, ते त्यांनी पाहिलेलं आहे. त्याच्या आसपास फळी न्यायचीच नाही, दोरी कुठलीही असो.

तेव्हा थोडक्यात सांगायचं तर लाटांच्या समुद्रात सरळ दोरी आणि घोट्याला पट्टा. जिथे ओढ अजिबात नाही अशा तलावात जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची दोरी, पायाला बांधली तरी चालते. ओहोटीची खाडी, नदी, कालवा इथे पायाला दोरी मुळीच नको. कमरेचा झटक्यात सुटणारा पट्टा मागा. नसेल तर वाहत्या पाण्यात जाऊ नका, भरतीच्या शेवटी पाणी थांबतं तेव्हा आडोशाच्या जागीच फिरा. आणि सगळीकडे तरंगतं जाकीट, बंद लावलेलं. जाकीट घरी ठेवून नुसत्या दोरीच्या भरवशावर कुणीही नाही.

हा कमरपट्टा जाकिटाच्या वरून बांधायचा, आतून कधीच नाही. पुढे एक रंगीत गोळा किंवा मूठ लोंबत असते, ती ओढली की पट्टा उघडतो आणि दोरी मोकळी होते. मूठ पोटावर मधोमध यायला हवी, म्हणजे कुठल्याही हाताने सापडते. पट्ट्याचं जास्तीचं टोक लोंबतं म्हणून कुणी व्यवस्थित गाठ मारून ठेवतं. आपल्या नीटनेटक्या हातांना तो मोह होतोच, पण तिथे गाठ मारली की पट्टा सुटत नाही. मूठ एकदा काठावर ओढून पाहायची, एकदा गुडघाभर पाण्यात. धाकटीच्या हातून सुटत नसेल, तर धाकटी त्या पाण्यात जाणार नाही.

फळी स्वतःची विकत घेतली असेल तर दोरीची निगा आपल्याकडेच येणार, हे काय वेगळं सांगायला हवं! प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा, कड्या बोटांनी फिरवून आतली वाळू काढा, सावलीत वाळवा. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. वेलक्रो बंद करूनच धुवा, म्हणजे त्यात कचरा बसत नाही. फळीभोवती घट्ट गुंडाळून ठेवली तर दोरीला कायमचे बाक बसतात, म्हणून सैल वेटोळं करून रुंद खुंटीवर अडकवा, खिळ्यावर नको. दांडीतला बारीक फास जरा लव आल्यासारखा दिसला की बदलून टाकायचा. जुनी गाठ सुटत नसेल तर क्रोशाची सुई घाला.