कोणी झिजावे? : जुनी कळ आणि घट्ट टोपी

लेखनाच्या साधनांविषयी आपल्या साहित्यविचारात फारसे बोलले जात नाही. बोरू, टाक, दौत यांच्याविषयी स्मरणरंजनाच्या चार ओळी लिहिल्या जातात. परंतु ज्या कळफलकावर आजचे बहुतांश लेखन घडते, त्याच्या घडणीकडे लेखक आणि समीक्षक दोघेही तंत्रज्ञाचा प्रांत म्हणून पाठ फिरवतात. ही उदासीनता बाजूला ठेवून आम्ही येथे एका वरवर क्षुल्लक प्रश्नाचा विचार करू इच्छितो. जुन्या घडणीच्या यांत्रिक कळीवर बसवायची टोपी घट्ट होत असेल, तर दोहोंपैकी कोणी झिजावे? आमचे उत्तर असे, की जी वस्तू पुन्हा घडवता येते तिने. हे उत्तर उघड वाटले तरी व्यवहारात ते सर्रास डावलले जाते, म्हणून त्याची थोडी फोड करणे आवश्यक आहे.

यांत्रिक कळफलकावरील प्रत्येक कळ दोन भागांची असते. खाली स्विच, म्हणजे स्प्रिंग आणि सरकता दांडा असलेली छोटी पेटी; आणि वर अक्षर मिरवणारी टोपी. या दोहोंचा सांधा कसा असावा याविषयी दोन प्रमुख पद्धती रूढ झाल्या. चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचमध्ये दांड्याच्या माथ्यावर सुमारे 4 मि.मी. रुंदीचा क्रूस असतो आणि टोपीच्या पोटातील नळीत तो शिरतो. जपानच्या आल्प्स कंपनीच्या स्विचमध्ये रचना नेमकी उलट आहे. तेथे दांड्याच्या माथ्यावर आयताकृती खाच असते आणि टोपीच्या पोटातून निघालेली, सुमारे 4.5 मि.मी. लांब व 2.2 मि.मी. रुंद छेदाची खुंटी त्या खाचेत उतरते. ॲपलने 1987 साली आणलेला एक्स्टेंडेड कीबोर्ड आणि 1990 सालची त्याची दुसरी आवृत्ती हे आल्प्स स्विचचे प्रसिद्ध नमुने होत. या जातीच्या स्विचचे उत्पादन आल्प्सने केव्हाच थांबवले आहे.

या उलटसुलट रचनेत आमच्या प्रश्नाचे मर्म दडलेले आहे. चेरीच्या सांध्यात टोपी घट्ट झाली, तर ताण बाहेरच्या नळीवर, म्हणजे टोपीवर येतो. फार झाले तर नळीला उभी चीर जाते. दांडा बहुधा शाबूत राहतो. आल्प्सच्या सांध्यात मात्र बाहेरचा भाग म्हणजे खुद्द दांडा. जाड खुंटी दाबून बसवली की खाचेच्या भिंती बाहेर फाकतात, दांडा पेटीच्या बाजूंना घासू लागतो आणि कळ जड, खरखरीत होते; कधी ती दाबल्यावर वर येण्यासही वेळ लावते. वापरणारा धुळीला बोल लावतो. आल्प्स स्विचला धूळ सोसत नाही हे खरेच. पण प्रत्येक खरखर धुळीची नसते. पुढे भिंतीला चीर गेली, तर जो भाग आज कोणी घडवत नाही तोच गमावलेला असतो. नव्या टोपीच्या हट्टाची किंमत जुना दांडा मोजतो.

टोपी घट्ट का होते, याचीही कारणे पाहिली पाहिजेत. पीबीटी नावाचे प्लास्टिक साच्यात थंड होताना एबीएसपेक्षा अधिक आकसते. एबीएससाठी कोरलेल्या साच्यात पीबीटी ओतले, तर चेरीची नळी अरुंद आणि म्हणून घट्ट होते; आल्प्सची खुंटी मात्र बारीक, म्हणजे सैल होते. तेव्हा आल्प्सवरील घट्टपणाचे कारण बहुधा अन्यत्र शोधावे लागते. एक तर खुंटीचे माप मुळातच मोठे धरलेले असते, किंवा साच्याच्या सांध्याची बारीक धार तिच्या कडेला उरलेली असते. भिंगातून पाहिल्यास ती धार दिसते. स्पेसबार, शिफ्ट यांसारख्या लांब कळांना तोल सांभाळणारी तार असते. ती आपल्या आकड्यात नीट अडकली नसेल, तरी टोपी घट्टच भासते. दोष कोठे आहे हे ठरवण्याआधी बळ लावणे म्हणजे निदानाआधी औषध देणे होय.

मराठीत ‘कळ काढणे’ म्हणजे धीर धरणे. या कामात तो शब्दप्रयोग अक्षरशः लागू पडतो. टोपी प्रथम खाचेवर सरळ टेकवावी आणि अंगठ्याने उभा, सावकाश दाब द्यावा. ती अडली तर थांबावे. हातोडीने ठोकू नये, कारण तो आघात दांड्यातून पेटीच्या तळाशी आणि तेथून डाख दिलेल्या सांध्यांपर्यंत पोचतो. तेल लावू नये; काही तेलांनी ताणाखालच्या प्लास्टिकला तडे जातात. बारीक पॉलिश पेपरवर खुंटीच्या बाजू दोन-तीनदा हलकेच घासाव्यात, भुकटी पुसावी आणि पुन्हा लावून पाहावे. काढतानाही तारेच्या चिमट्याने सरळ वर ओढावे. फार घट्ट बसलेली टोपी कधी पेटीचे झाकणच उचलून आणते आणि आतील स्प्रिंग व पत्रा विखुरतात.

येथवरच्या विवेचनावरून ‘नेहमी टोपीनेच झिजावे’ असा नियम कोणी काढील. तो आम्हांस मान्य नाही. आल्प्सच्या धाटणीचे नवे स्विच मॅटियास या कॅनडातील कंपनीने बाजारात आणले. अशा नव्या स्विचवर 1987 सालच्या मूळ टोप्या बसवायच्या असतील, तर नाते फिरते. त्या टोप्या पीबीटीच्या असून त्यांची अक्षरे उष्णतेने प्लास्टिकच्या अंगात मुरवलेली आहेत. तशी टोपी खुंटीपाशी मोडली, तर तिला पर्याय दुसरा जुना कळफलक मोडूनच मिळवावा लागतो. नवा दांडा मात्र बदलता येतो. येथे खुंटीला पॉलिश पेपर लावणे हा अपराध ठरेल. म्हणजे नियम भागांच्या नावाने करता येत नाही. दोहोंपैकी कोणाला पर्याय उरलेला नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकांना हा विचार अपरिचित नसावा. पाठचिकित्सेची शिस्त याहून फार निराळे काही सांगत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संशयास्पद पाठांखाली नागमोडी रेघ दिलेली आढळते. जुना शब्द आपल्या अर्थाला घट्ट होतो म्हणून तो तासून बसवण्यापेक्षा, आपली शंका उघडपणे नोंदवणे संपादकाने पसंत केले. अर्थ आपण पुन्हा लावू शकतो. एकमेव हस्तलिखितातील अक्षर एकदा खरवडले की गेले.

यावर आक्षेप येईल, की कळफलक हा ग्रंथ नव्हे, हजारोंनी निघालेले ते यंत्र. त्याच्याविषयी एवढा सोवळेपणा कशाला? आक्षेपात तथ्य आहे, आणि कळफलक काचेच्या कपाटात ठेवावा असे आम्ही म्हणतही नाही. उलट तो वापरात राहावा, त्यावर मराठी लिहिली जावी, म्हणूनच हा खटाटोप. 1986 साली आलेल्या इन्स्क्रिप्ट आराखड्याची देवनागरी अक्षरे त्या जुन्या ॲपल कळफलकांच्या टोप्यांवर नाहीत. ती हवी असतील तर नव्या टोप्या करवून घ्याव्या लागतील आणि घट्टपणाचा प्रश्न उभा राहील. गंमत अशी, की ॲपलच्या त्या काळच्या कळफलकांवर बोटांना जागा सांगणारे उंचवटे आजच्यासारखे एफ आणि जे या कळांवर नसून डी आणि के या कळांवर होते. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच जागी अनुक्रमे पाय मोडण्याची खूण आणि ‘क’ येतात. नव्या टोप्या करवताना उंचवटा कोठे ठेवायचा, हाही मग लिहिणाऱ्याच्या बोटांना विचारण्याचा प्रश्न होतो.

वापरायचे म्हटले की झीज आलीच; ती टाळता येणार नाही. मात्र ती कोणाच्या वाट्याला जावी हे बहुतेकदा आपल्या हाती असते, आणि ते हाती असताना अंगठ्याच्या जोरावर सोडून देणे आम्हांस बेजबाबदारपणाचे वाटते.